अर्धा कोयता

बीड जिल्ह्यात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती या जोडीला. नवरा गेला की बाई उरते अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत सहजी कुणी घेत नाही. मग ती भावाला धरते, दिराला धरते. तेही नसले तर घरातल्या पोराकडे बघते. पोरगा तेव्हा सातवी-आठवीत असतो.

धारूर तालुक्यातल्या अशाच एका माउलीच्या ओसरीवर मी बसलो होतो. पत्र्याची खोली, दाराशी एक शेळी. नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झालेली, पण त्याने घेतलेली उचल फिटलेली नव्हती. दिवाळी सरली की ती भावाच्या टोळीबरोबर सांगलीकडे जाते, मोळ्या बांधायला. मुलगा गावातच राहतो, समोरच्या म्हातारीकडे. ही म्हातारी ना नात्यातली, ना जातीतली. मी विचारलं तर म्हणाली, "दोघांच्या भाकरी थापायच्याच असत्यात, त्यात आणिक एक. लेकरू हाय, खाऊन खाऊन किती खाईन?"

त्या गल्लीने फार काही केलं असं तिथल्या कुणालाच वाटत नाही. पोराला ताप आला तर शेजारचा एसटीने तालुक्याला नेतो. दुकानदार वही-पेनाचे पैसे आई परतल्यावर घेतो. रात्री कुणाच्या तरी फोनवरून त्याचं फडावरच्या आईशी बोलणं होतं. पण एक गोष्ट ती माउली सांगायला लागली आणि तिचा गळा दाटून आला. मागच्या हंगामात मामा येणार नाही असं ठरलं, तेव्हा पोराने न सांगता आपलं गाठोडं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकलं होतं. आईचा कोयता पुरा करायला. गल्लीतल्या बायांनी ते गाठोडं खाली उतरवलं, आणि दोघा शेजाऱ्यांनी मुकादमाला शब्द दिला, उचलीतलं उरलेलं आम्ही बघतो. त्या दोघांची स्वतःची जमीन कोरडवाहू, एकरभर.

बीडच्या ऊसतोड बायांची बातमी झाली ती गर्भाशयं काढल्याची. २०१९च्या सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायांपैकी १३,८६१ जणींची ती शस्त्रक्रिया झालेली निघाली. ती बातमी व्हायलाच हवी होती. हे ट्रॉलीतून उतरवलेलं गाठोडं मात्र कुणी मोजत नाही, म्हणून इथे लिहिलं.

पण मला या शेजाऱ्यांची काळजीही वाटते. ज्यांच्या चुलीवर हे लेकरू जेवतं त्यांचंच घर रेशनच्या धान्यावर चालतं. म्हातारीचे गुडघे गेलेत. तिच्या मायेवर एका मुलाचं शिक्षण सोपवून सरकारला मोकळं होता येणार नाही. मागे राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती दिवाळीला सुरू झाली तर उपयोगाची, टोळ्या निघून गेल्यावर नाही. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीचं शांतिवन अशा मुलांना वर्षानुवर्षं सांभाळतंय, पण एका संस्थेने किती लेकरं घ्यायची?

कागदावर या माउलीचा हक्क आहे. संजय गांधी निराधार योजनेतून महिना १,५०० रुपये, बालसंगोपन योजनेतून मुलासाठी २,२५०. मात्र निराधार योजनेला वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँकेचं पासबुक, शिवाय तहसीलच्या फेऱ्या. प्रत्येक फेरीला एक रोज बुडतो. ती सहा महिने फडावर असते, आणि चौकशीला माणूस येतो तेव्हा घराला कुलूप असतं. या माउलीचा अर्ज दोनदा अर्धवट राहिला तो असाच.

भाकरी गल्लीने दिली. कागदाचं काम शिकलेल्यांचं आहे, म्हणजे तुमचं-माझं. तुमच्या गावात, वस्तीत अशी एखादी माय असेल तर टोळ्या निघायच्या आधी तिच्या घरी जा. दाखले एका पिशवीत घाला आणि तहसीलला तिच्याबरोबर स्वतः चला. बालसंगोपनाचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावा लागतो. दिल्याची पोच घ्यायला विसरू नका.