श्रद्धांजली वाहिली, विषय मात्र राहिला

डॉ. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यानंतरच्या एका शोकसभेला आम्हीही हजर होतो. कोल्हापूरचा जन्म, बनारसचे बालपण, केंब्रिजमधील यश, पद्मविभूषण, स्वभावातील साधेपणा, हे सारे वक्त्यांनी आदरपूर्वक सांगितले. अखेरीस एका तरुणाने विचारले, ‘त्यांचे संशोधन नेमके कशावर होते?’ व्यासपीठावरून उत्तर आले, ‘तो आपला प्रांत नव्हे, आणि ते मराठीत सांगताही यायचे नाही.’ सभागृहात थोडे हसू पिकले आणि पसायदानाने सभा संपली.

आमचे भांडण आहे ते या उत्तराशी. ज्यांच्याविषयी ते दिले गेले, त्यांनीच ते आयुष्यभर खोटे ठरवले होते. नारळीकरांचे वडील बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक; म्हणजे घर आपल्यासारखेच, महाराष्ट्राबाहेर रुजलेले. तरीही १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी कथा लिहिली ती मराठीत, आणि आपल्या नावाचे वजन पडू नये म्हणून टोपणनावाने. कथेचे नाव होते ‘कृष्णविवर’. विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला हे मत त्यांना मान्य नव्हते, आणि त्यांचे मत बहुसंख्य शास्त्रज्ञांना पटले नाही. हा वादही त्यांनी मराठी वाचकापासून लपवला नाही. आपण मात्र त्यांच्या तसबिरीला हार घातला आणि त्यांचा विषय दाराबाहेर ठेवला.

मराठीत सांगता येत नाही म्हणतात, तर अलीकडचेच एक संशोधन येथे सांगून पाहू. सूर्यापेक्षा जड असा एखादा मृत तारा आकसून एखाद्या शहराएवढा लहान होतो आणि स्वतःभोवती प्रचंड वेगाने फिरू लागतो. त्याला पल्सार म्हणतात. काही पल्सार सेकंदाला शेकडो फेऱ्या घेतात आणि त्यांचे रेडिओ ठोके घड्याळाच्या अचूकतेने आपल्यापर्यंत येतात. आता कल्पना करा की गावातील निरनिराळ्या देवळांच्या घंटा आपण अंगणात बसून ऐकत आहोत. एकच घंटा उशिरा ऐकू आली तर दोष तिचा. पण अनेक घंटांच्या वेळा एकदम पुढेमागे होऊ लागल्या, आणि तो फरक त्या देवळांच्या दिशांतील कोनाप्रमाणे ठरावीक रीतीने बदलत गेला, तर दोष घंटांचा नव्हे. आपले अंगणच हलते आहे. पृथ्वीभोवतीचे अवकाश असेच हलके ताणले-आकसले जाते आहे, असा पुरावा २९ जून २०२३ रोजी अमेरिका, युरोप, भारत, ऑस्ट्रेलिया आणि चीन येथील संशोधक गटांनी मांडला. ठोक्यांच्या वेळेतील हा फरक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी, आणि तो टिपायला काहींना पंचवीस वर्षांच्या नोंदी लागल्या. दूरच्या दीर्घिकांच्या केंद्रांत एकमेकींभोवती फिरणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांमधून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी हे त्याचे कारण असावे, असे अनुमान आहे. अनुमानच, त्याच्यावर शेवटचे शिक्कामोर्तब करण्याची घाई त्या संशोधकांनी केली नाही.

या शोधात भारताचा वाटा कोठून आला? पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीतून. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. ताऱ्यांमधील पोकळीतही विरळ इलेक्ट्रॉन असतात; त्यांच्यामुळे रेडिओ लहरी रेंगाळतात, आणि कमी कंपनसंख्येच्या लहरी अधिक रेंगाळतात. हा विलंब मोजून वजा केल्याखेरीज हिशेब जुळत नाही. खोडदची दुर्बीण नेमक्या याच कमी कंपनसंख्येच्या लहरी टिपते. जुन्नर तालुक्यातील ही गोष्ट. ती आपण वाचायची ती इंग्रजीतच काय?

शब्द कोठून आणायचे, असा आक्षेप येईल. ‘गुरुत्वाकर्षण’ आणि ‘दीर्घिका’ रुळले, ‘कृष्णविवर’ रुळले. ‘पल्सार’ जसाच्या तसा घेतला तरी बिघडत नाही. ‘कारखाना’ फारसीतून आला म्हणून मराठी बाटली नाही. दुसरा आक्षेप असा की, मुले हे इंग्रजीतून शिकतातच. शिकतात खरी, म्हणूनच घरात मराठीला त्यांच्याशी बोलण्यासारखे काही उरत नाही. सणवार, नाट्यसंगीत आणि आजोबांच्या आठवणी एवढ्यावरच भाषा सोपवली, तर नातवंडे तिला जुन्या पितळी भांड्यांसारखी जपतील, कौतुकाने पुसतील आणि फडताळात ठेवतील. रोजच्या स्वयंपाकाला मात्र ती निघणार नाहीत.

आपले पूर्वज असे नव्हते. व्यंकटेश बापूजी केतकर बागलकोटसारख्या गावी राहून पाश्चात्त्यांचे नवे ग्रहगणित शिकले, त्याच्या आधारे पंचांगाचे गणित शुद्ध करण्यासाठी झटले, आणि १९११ साली नेपच्यूनपलीकडील ग्रहांविषयीचे आपले गणित त्यांनी फ्रान्समधील खगोलसंस्थेच्या पत्रिकेत मांडले. दूर राहणे ही त्यांना सबब वाटली नाही.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. या त्रैमासिकाच्या प्रत्येक अंकात निदान चार पाने चालू संशोधनाला द्यावीत. वार्षिक व्याख्यानमालेतील एक पुष्प विज्ञानासाठी राखावे, आणि त्यासाठी आपल्याच कुटुंबांतील, विज्ञान शिकलेल्या मुलामुलींना मराठीत बोलायला बोलवावे. ती अडखळतील, इंग्रजी शब्द वापरतील. वडीलधाऱ्यांनी हसू नये. हिंगोली जिल्ह्यात औंढा येथे गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. हैदराबादच्या आपल्या अनेक घरांना तो परका नाही. ती वेधशाळा बोलू लागेल त्या दिवशी आपल्या सभेत एखादा तरुण पुन्हा प्रश्न विचारील. त्याला मराठीत उत्तर देणारे कोणीतरी व्यासपीठावर असले पाहिजे, आणि त्याची तयारी पुढच्या अंकापासून करावी लागेल.