एकांताला परतीची तारीख हवी

१९१७ साली विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन वाईला गेले आणि प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि शांकरभाष्य शिकले. त्या वर्षाचा हिशेब त्यांनी गांधीजींना पत्राने कळवला होता. स्वतः शिकता शिकता ते इतरांना गीता शिकवत होते, विद्यार्थ्यांबरोबर दळण दळून वाचनालयासाठी पैसे जमवत होते आणि शेकडो मैल पायी हिंडून गडकोट पाहत होते. वर्ष भरताच, ठरल्या दिवशी, ते आश्रमात हजर झाले. या हकिगतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती परतीची तारीख. कामाला लागलेल्या माणसाला गाढ अभ्यासासाठी एकांत मिळाला पाहिजे. मात्र त्या एकांताला मुदत हवी आणि सोबत वाद घालणारे कोणीतरी हवे.

आपल्याकडे अभ्यास हे पंचविशीच्या आतले काम मानले जाते. नंतर वाट्याला येतात ती प्रशिक्षणे आणि कार्यशाळा. पण खरे प्रश्न नोकरीधंद्यात मुरल्यावरच पडू लागतात. शिक्षा कशासाठी द्यायची, हा प्रश्न वीस वर्षे फौजदारी खटले चालवलेल्या वकिलाला जसा छळतो तसा कायद्याच्या विद्यार्थ्याला छळणार नाही. त्याचे उत्तर शोधायला जे ग्रंथ वाचावे लागतात ते रात्री दहानंतर अर्धा-अर्धा तास वाचून हाती लागत नाहीत. दहाव्या पानावरचा युक्तिवाद शंभराव्या पानापर्यंत डोक्यात धरून ठेवावा लागतो. मध्ये चार दिवस गेले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सगळे ग्रंथ आता मोबाइलवर आहेत, मग गावाबाहेर कशाला जायचे, असे विचारणाऱ्यांना उत्तर हेच आहे: ग्रंथ मिळतात, सलग दिवस मिळत नाहीत.

अमळनेरने हे ओळखले होते. खानदेशातल्या या गावी गिरणीमालक प्रताप शेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे तत्त्वज्ञ तिथे राहिले. साने गुरुजीही शाळेत शिक्षक होण्याआधी तिथे अभ्यासाला होते. तिथल्याच जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांचे ‘अज्ञान’ हे पुस्तक १९३३ मध्ये निघाले. अविद्येच्या एकाच प्रश्नावर तिघांनी आपापली बाजू मांडली. मतभेद झाकण्याऐवजी छापणे, हे मला त्या संस्थेचे मोठे यश वाटते.

एकांतवासाने बुद्धी गंजते, हा आक्षेप गंभीर आहे. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी प्रिन्स्टनच्या प्रगत अभ्यास संस्थेबद्दल तो घेतला होता: शिकवणे नाही, अडवणारे कोणी नाही, अशा स्थितीत मोठमोठ्या बुद्धिमंतांनाही काही सुचेनासे होते. मला तो पटतो. पण तो लागू पडतो बेमुदत निवांतपणाला. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये ओबरवोल्फाख इथे १९४४ पासून गणितज्ञांची संस्था आहे. तिथल्या बहुतेक बैठका आठवडाभराच्या असतात आणि जेवणाच्या जागा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या बदलत राहतात, म्हणजे अनोळखी माणसाशीही बोलणे भाग पडते. तिथे गंजायला वेळच नसतो.

याहून बोचरा आक्षेप असा की अशी ठिकाणे नेहमी मूठभरांचीच राहिली. खरे आहे. जुन्या पाठशाळांची दारे बहुसंख्य जातींना आणि स्त्रियांना बंद होती. डॉ. आंबेडकरांनी १९२० मध्ये सिडनहॅम कॉलेजातले प्राध्यापकपद सोडले आणि अर्धवट राहिलेल्या अभ्यासासाठी लंडन गाठले. पैसे कुठले, तर पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून उसने घेतलेले. ज्यांच्या अभ्यासाची या देशाला सर्वाधिक गरज होती, त्यांना त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला. यावरून एकांत व्यर्थ ठरत नाही. तो कुणाला नाकारला गेला आणि त्याची किती किंमत मोजावी लागली, एवढे दिसते. म्हणून आज असे निवासी अभ्यासगृह काढले, तर त्यात प्रवेश पदवी पाहून देऊ नये. माणसाने आणलेला प्रश्न पाहून द्यावा, आणि ज्याचा रोजगार बुडतो त्याला तो भरून द्यावा.

हे परवडेल का? इगतपुरीकडे पाहा. तिथे विपश्यनेच्या दहा दिवसांच्या निवासी शिबिरांना फी नाही. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर ती चालतात. दुकानदार, शिक्षक, अधिकारी, गृहिणी तिथे कामधंदा बाजूला ठेवून राहतात. त्या शिबिरांत वाचन-लेखनाला मनाई असते, कारण तिथले काम वेगळे आहे. पण मोठी माणसे दहा दिवस काढू शकतात आणि पुढच्यांचा खर्च आनंदाने उचलतात, हे तिथे सिद्ध झाले आहे. असे अभ्यासगृह वाईत काढता येईल. तिथे प्राज्ञपाठशाळेची परंपरा आहे, विश्वकोशाचे कार्यालय आहे, कृष्णेचा घाट आहे. वीस खोल्या, एक साधे स्वयंपाकघर, प्रत्येक तुकडीला एक जाणता अभ्यासक आणि महिन्याची मुदत, इतक्यावर सुरुवात करता येईल. शिक्षकांना आणि सरकारी कर्मचाऱ्यांना दहा वर्षांतून एकदा अशी महिनाभराची पगारी अभ्यासरजा देण्याचा निर्णय सरकारने घेतला, तर पहिल्याच वर्षी त्या वीस खोल्या अपुऱ्या पडतील.