शहराची खावटी कोण फेडणार?



पावसाळा लागला की आपल्या बाया शेवळं, कंटोळी, टाकळा घेऊन अंबरनाथ पूर्वेला स्टेशनाबाहेर बसतात. समोर मोठा बोर्ड असतो: हिरवा डोंगर, मधे वीस मजल्यांची बिल्डिंग. डोंगर आपला, बोर्ड बिल्डरचा. वर आपल्यालाच ऐकवतात, "शहर वाढलं की पैसा येतो, तुम्ही आडवे का येता?" चला, आज त्या पैशाचाच हिशोब मांडू.

कर्ज म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. घरातला दाणा संपला की खावटी काढायची, सुगीला फेडायची. पीक गेलं तर जुनी फेडायला नवी काढायची. तिथून माणूस बुडायला लागतो. वाढणारं शहर असंच चालतं, फक्त त्याला खावटी न म्हणता विकास म्हणतात.

कसं ते बघा. बिल्डिंग उभी राहताना बिल्डर विकास शुल्क भरतो. एकदाच. त्या वर्षी तिजोरी भरलेली दिसते. पण पाइप, गटार, रस्ता, दिवाबत्ती, कचऱ्याची गाडी हे सगळं कायम लागतं. पंधरा-वीस वर्षांनी पाइप गळतो, रस्ता उखडतो. तेव्हा बिल्डर कुठं असतो? मागं राहते घरपट्टी, ती पुरत नाही. नगरपालिकांची जकात १९९९ साली बंद झाली, तेव्हापासून सरकारी अनुदानाकडे डोळे लावून बसायचं. मग सोपा मार्ग एकच: अजून पुढं, डोंगराच्या पायथ्याला, नवीन बिल्डिंगींना परवानगी द्यायची आणि नव्या शुल्कातून जुनं भोक बुजवायचं. नव्या बिल्डिंगीचा खर्च परत पंधरा वर्षांनी उभा राहतोच.

बिल्डर लांब जातो कारण तिथं जमीन स्वस्त. पण पाइप तिथवर ओढायचा, पंप बसवायचा, रस्ता न्यायचा तो सगळ्यांच्या पैशातून. जमीन स्वस्त बिल्डरला, पाइप महाग लोकांना.

२००१ ला अंबरनाथची वस्ती दोन लाखांच्या थोडी वर होती, २०११ ला अडीच लाखांवर गेली. बदलापूर त्याच दहा वर्षांत लाखाच्या आतून पावणेदोन लाखांच्या आसपास पोचलं. एवढ्यांना पाणी कुठून? पूर्वेचं चिखलोली धरण लहान, ते थोड्या भागाला पुरतं. म्हणून उल्हास नदी आणि मुरबाड तालुक्यातलं बारवी धरण. बारवी १९७२ चं, एमआयडीसीचं. शहरं वाढत गेली तशी धरणाची उंची वाढत गेली. शेवटच्या वाढीनं पाणी जवळजवळ दीडपट झालं, आणि २०१९ ला ते पहिल्यांदा पूर्ण भरलं. शहरात त्या दिवशी आनंद झाला. वर आपल्या लोकांची घरं, शेतं, झाडं पाण्याखाली गेली. शहराच्या पाणीबिलात हजार लिटरचा दर असतो. बुडालेल्या मोहाचा, आंब्याचा, वरकस जमिनीचा दर त्यात नसतो. शहराची खावटी आपण फेडतो ती अशी.

पण याच बारवीनं एक धडा दिला. लोक लढले, तेव्हा सरकारला निर्णय घ्यावा लागला की पाणी घेणाऱ्या महापालिका-नगरपालिकांनी आपापल्या हिश्शाप्रमाणे बाधित कुटुंबातल्या एकाला नोकरी द्यायची. ही भीक नव्हे. शहराच्या वहीत आपला खर्च पहिल्यांदा लिहिला गेला, एवढंच. बिल पुढं केलं तरच भरलं जातं.

काळू धरणाचं आठवा. मुंबईभोवतीच्या शहरांना पाणी द्यायचं म्हणून एमएमआरडीएच्या पैशातून मुरबाडमध्ये २०११ ला काम सुरू केलं. सुमारे हजार हेक्टर जंगल जाणार, पण केंद्राची वनमंजुरीच नव्हती. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, श्रमिक मुक्ती संघटना कोर्टात गेली, आणि २०१२ ला मुंबई हायकोर्टानं काम थांबवलं. धरणाचा विचार मात्र कोणी सोडलेला नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या. त्या बिल्डिंगीतला कामगार आपला दुश्मन नाही. मुंबईत घर परवडलं नाही म्हणून तो इथं आला. घराचा हप्ता भरतो आणि वर टँकर विकत घेतो. त्यालाही बोर्ड दाखवूनच फसवलंय. आपली पोरंही तिथं वॉचमन आहेत, नाक्यावर उभी आहेत. भांडण आहे ते खोट्या हिशोबाशी.

म्हणून आपलं म्हणणं साधं आहे. नवीन बिल्डिंगीला परवानगी देण्याआधी पुढच्या तीस वर्षांचा खर्च कोण भरणार ते लिहून दाखवा. आधी गळके पाइप दुरुस्त करा, वापरलेलं पाणी शुद्ध करून परत वापरा, मग धरणाची भाषा करा.

आणि आपण काय करायचं? अंबरनाथ तालुक्याला पेसा लागू नाही, मुरबाडच्या काही गावांना आहे. पण २००६ चा वनहक्क कायदा सगळीकडे लागू आहे. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनजमिनीवरून कोणाला हटवता येत नाही, असं त्याचं कलम ४(५) सांगतं. सर्व्हेवाले वाडीत आले की तीन प्रश्न विचारा: पाणी कोणाला? पैसा कोणाचा? आमचे दावे निकाली निघाले का? उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा. मिळालं नाही तर ग्रामसभेच्या वहीत तसं लिहा, सह्या-अंगठे घ्या आणि एक प्रत आपल्याकडे ठेवा.

त्यांनी काढलेली खावटी आपल्या सातबाऱ्यावर चढवू द्यायची नाही.

जिंदाबाद!