घाटातला वेग आणि गावातला वेग

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके समुद्रापासून दूर, थेट सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले असल्यामुळे मुंबई आणि पुणे या महानगरांमधली बरीचशी वाहतूक त्यांच्या अंगावरून जाते, आणि वाहनांच्या वेगमर्यादेविषयी महाराष्ट्रात गेली काही वर्षे जो वाद चालू आहे त्याची खरी कसोटीही याच टापूत लागते. या टापूत दोन तऱ्हांचे रस्ते शेजारी-शेजारी आहेत. एक म्हणजे ९४.५ किलोमीटर लांबीचा, २००२ मध्ये पूर्णपणे खुला झालेला यशवंतराव चव्हाण मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, ज्याचा सर्वांत अवघड भाग खोपोलीजवळून बोरघाटात चढतो. आणि दुसरे म्हणजे चौक, कर्जत, नेरळ, पळसदरी, खोपोली, पाली या गावांना जोडणारे रस्ते, ज्यांच्या कडेने शाळकरी मुले, बाजाराला निघालेल्या ठाकूर व कातकरी वाड्यांतील बायका आणि दुचाकीवरून कारखान्याच्या पाळीला जाणारे कामगार रोज ये-जा करतात. वेगमर्यादेची सारी चर्चा मात्र पहिल्या रस्त्याभोवतीच फिरत राहते.

कायद्याची बाजू आधी पाहिली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ नुसार केंद्र सरकार प्रत्येक प्रकारच्या वाहनासाठी कमाल वेग ठरवते, आणि लोकांच्या सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या वा पुलाच्या स्वरूपामुळे गरज वाटल्यास राज्य सरकार त्याहून कमी मर्यादा घालू शकते. मात्र तसे केल्यास रस्त्यावर फलक लावणे बंधनकारक असते. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने द्रुतगती मार्गांवर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाला परवानगी दिली, ती अधिसूचना २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रद्द ठरवली, आणि या सगळ्या काळात मुंबई-पुणे मार्गावर राज्याने स्वतःची कमी मर्यादाच कायम ठेवली: सपाट भागात मोटारींना १००, अवजड वाहनांना ८०, तर घाटात मोटारींना पूर्वी ५० व पुढे ६० आणि अवजड वाहनांना ४०. नागपूरच्या समृद्धी महामार्गावर १२० चालते, मग इथे का नाही, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे गणिती उत्तर सोपे आहे. घाट नाहीच असे मानून सारा मार्ग १०० च्या वेगाने कापला तर सुमारे ५७ मिनिटे लागतात, १२० ने कापला तर ४७. या दहा मिनिटांसाठी वाहनाची गतिज ऊर्जा, म्हणजे धडकेच्या वेळी जिचा आघात शरीराला सोसावा लागतो ती ऊर्जा, ४४ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघातांचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. दहा मिनिटांचा हा सौदा महाग आहे, आणि तो नाकारण्यात राज्याने चूक केलेली नाही.

घाटाचा प्रश्न याहून वेगळा आणि अधिक खोल आहे. वाहतूकदारांच्या संघटनांचे म्हणणे असे की उतारावर ४० ची मर्यादा पाळणे व्यवहारात अशक्य आहे, कारण ती पाळायची तर चालकाला ब्रेकवर सतत पाय ठेवावा लागतो, त्याने लायनर तापतात आणि शेवटी ब्रेक लागेनासा होतो. म्हणजे सुरक्षिततेसाठी घातलेली मर्यादाच अपघाताला कारण होते. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही, पण ते तपासून पाहिले पाहिजे. खंडाळ्यापासून खोपोलीच्या पातळीपर्यंत उतरताना वाहन सुमारे ५०० मीटर उंची गमावते. ४० टनांचा भरलेला कंटेनर एवढा खाली आला की त्याच्या उंचीत साठलेली जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती साडेसहाशे लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. ताशी ४० च्या वेगाने धावताना त्याच कंटेनरमध्ये जी गतिज ऊर्जा असते, तिच्या सुमारे ऐंशी पट ही ऊर्जा भरते. घाटातला खरा शत्रू उंची आहे, आणि ती उष्णता ब्रेकच्या ड्रमने सोसायची की इंजिनाने, एवढाच चालकाच्या हातातला निर्णय असतो. खालच्या गिअरमध्ये उतरणारे वाहन इंजिनाच्याच अडथळ्याने बरेचसे रोखले जाते, ब्रेक अधूनमधून लावावा लागतो आणि मधल्या वेळात ड्रमला गार व्हायला अवसर मिळतो. वरच्या गिअरमध्ये किंवा डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतरणाऱ्या चालकाचा सारा भार मात्र ब्रेकवर येतो, जळक्या लायनरचा वास मागच्या गाडीपर्यंत पोहोचतो, आणि तापलेल्या ड्रमवर लायनरची पकड सुटत जाऊन पायाखालचा ब्रेक निरुपयोगी होतो. यालाच वाहनशास्त्रात ब्रेक फेड म्हणतात.

यावरून असे दिसते की वेग वाढवल्याने ही उष्णता कमी होत नाही. उलट ती कमी वेळात निर्माण होते आणि ड्रमला थंड व्हायला मिळणारा अवधी घटतो. वाहतूकदारांच्या तक्रारीतला खरा भाग एवढाच की ४० हा आकडा फलकावर टांगला म्हणजे चालकाने गिअर खाली घेतला असे होत नाही. मर्यादेसोबत घाटमाथ्यावर ब्रेकची सक्तीची तपासणी, गिअरविषयी ठळक आणि चालकांना समजेल अशा अनेक भाषांतील सूचना, आणि जादा भार लादलेल्या वाहनाला उतारावर सोडण्यापूर्वीच अडवणे, हे सारे एकत्र आले तरच त्या आकड्याला अर्थ राहतो. २६ जुलै २०२५ रोजी खोपोलीजवळ ब्रेक निकामी झालेल्या एका कंटेनरने पुढच्या वीसएक गाड्यांना धडक दिली. अशा वाहनाला थांबवण्याचे बळ वेग मोजणाऱ्या कोणत्याही कॅमेऱ्यात नसते.

उतारावर ब्रेक निकामी होऊ शकतो, हे ज्ञान याच डोंगरात दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी आत्मसात केले गेले होते, आणि ते पाहायला कर्जत-खंडाळा रेल्वे घाटाच्या पुढे जावे लागत नाही. कर्जत ते खंडाळा हा लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला; त्याचा सर्वांत तीव्र चढ १:३७ आहे, म्हणजे दर ३७ मीटरला १ मीटर. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडली जातात, ज्यांना रेल्वेचे लोक बँकर म्हणतात. त्याहून महत्त्वाची व्यवस्था उतारावर आहे. मंकी हिल, ठाकूरवाडी, जांबरुंग या घाटातल्या केबिनांचा परिसर पाहिला तर मुख्य रुळांतून फुटून डोंगराकडे चढत जाणारे आणि तिथेच संपणारे फाटे दिसतात. त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. या ठिकाणचे काटे एरवी या फाट्याकडेच वळवलेले असतात, आणि उतरणारी गाडी चालकाच्या ताब्यात आहे हे सिद्ध झाल्यावरच ते मुख्य मार्गाकडे फिरवले जातात. ब्रेक गमावलेली गाडी आपोआप चढावर जाऊन थांबते. चालक चुकू शकतो, ब्रेक दगा देऊ शकतो, हे गृहीत धरूनच मार्ग आखलेला आहे. रस्त्यावर मात्र सारी जबाबदारी चालकाच्या शिस्तीवर आणि नंतर येणाऱ्या दंडावर सोडलेली आहे. बेकाबू ट्रक वाळू-खडीच्या चढत्या पट्ट्यात शिरून रुतून बसावा, अशी सोय जगातल्या अनेक डोंगरी महामार्गांवर असते. बोरघाटाच्या उतारावर तिला प्रत्येक कॅमेऱ्याच्या आधी स्थान मिळायला हवे होते.

आता कॅमेऱ्यांविषयी. जुलै २०२४ मध्ये द्रुतगती मार्गावर एकात्मिक वाहतूक व्यवस्थापनाची यंत्रणा सुरू झाली. रस्त्यावर आडव्या उभारलेल्या पोलादी कमानींवरचे कॅमेरे वाहनाचा त्या क्षणाचा वेग मोजतात, आणि शिवाय दोन कमानींमधला सरासरी वेगही काढतात. म्हणजे दहा किलोमीटर अंतर जर पाच मिनिटांत कापले गेले असेल तर चालकाने कमानीखाली कितीही सावधपणे ब्रेक दाबला तरी त्याचा १२० चा वेग लपत नाही. ही पद्धत न्याय्य आहे, कारण ती क्षणभराच्या चुकीला नव्हे तर सलग बेफिकिरीला पकडते. पण पहिल्या वर्षभरातच २७ लाखांहून अधिक ई-चलने निघाली, दंडाची रक्कम सुमारे ४७० कोटी रुपयांवर गेली आणि प्रत्यक्ष वसुली ५१ कोटींच्या आसपासच राहिली, तेव्हा या यंत्रणेच्या हेतूविषयीच शंका घेतली जाऊ लागली. जुलै २०२५ मध्ये वाहतूकदारांनी राज्यभर आंदोलन केले ते याच असंतोषातून. दिवसाला सात हजारांहून अधिक चलने निघत असतील आणि नऊ दशांश रक्कम थकीत राहत असेल, तर दंडाचा धाक निर्माण होत नाही, थकबाकीचा एक डोंगर तेवढा उभा राहतो.

शिक्षेची जरब तिच्या रकमेपेक्षा तिच्या खात्रीवर आणि तत्परतेवर अवलंबून असते. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८३ खाली हलक्या वाहनांना १००० ते २००० आणि मध्यम व अवजड वाहनांना २००० ते ४००० रुपये दंड ठरला, तो मध्यमवर्गीय मोटारमालकाला फारसा जाणवत नाही, पण दिवसाआड घाट उतरणाऱ्या एकाच ट्रकच्या छोट्या मालकाला महिन्याअखेरीस जड जातो. त्यातही चलन महिन्यांनंतर कळले तर चालकाच्या वागण्यात बदल होण्याची वेळ निघून गेलेली असते. केंद्रीय नियमावलीत २०२१ मध्ये घातलेल्या नियम १६७-अ नुसार इलेक्ट्रॉनिक उपकरणाला मान्यतेचे प्रमाणपत्र असावे लागते, कॅमेरे असल्याची सूचना देणारे फलक ठळकपणे लावावे लागतात आणि गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पोहोचवावी लागते. या तिन्ही गोष्टी काटेकोर पाळल्या गेल्या तर निम्मी तक्रार आपोआप विरेल. दंडाच्या पैशांतून घाटातल्या तपासणी-तळांवर आणि सुटकेच्या पट्ट्यांवर किती खर्च झाला, याचा हिशेबही लोकांसमोर दरवर्षी मांडला गेला पाहिजे.

या मार्गावर गेलेल्या माणसांची आठवण मराठी समाजाला वेगळी करून द्यावी लागत नाही. २००१ मध्ये अभिनेत्री भक्ती बर्वे, २०१२ मध्ये अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे, २०२२ मध्ये राजकीय नेते विनायक मेटे ही सारी माणसे याच रस्त्याने नेली. २०१६ मध्ये या मार्गावर १५१ जणांचा मृत्यू झाला होता. त्यानंतर राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी शून्य मृत्यूचे ध्येय ठेवून रस्त्याच्या कडांना संरक्षक कठडे बसवणे, धोक्याच्या जागा दुरुस्त करणे, अपघातस्थळी मदत लवकर पोहोचवणे अशी कामे हाती घेतली आणि पुढच्या काही वर्षांत मृत्यूंची संख्या निम्म्याहून खाली आली. कमानी उभ्या राहण्याच्या कितीतरी आधी हे घडले, ही बाब दंडाच्या आकड्यांवर समाधान मानणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवी.

याउलट शहापूर-मुरबाडकडून कर्जत, खोपोली, पालीमार्गे वाकणकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर आणि त्याला मिळणाऱ्या गावरस्त्यांवर अशा कमानी नाहीत, सरासरी वेगाचा हिशेब नाही, आणि शनिवार-रविवारी फार्महाऊस, धबधबे व माथेरानच्या दिशेने निघालेल्या गाड्यांना रोखणारे फारसे कोणी नाही. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर शिंग्रोबाच्या देवळाजवळ एप्रिल २०२३ मध्ये दरीत कोसळलेल्या बसमधील १३ जणांच्या मृत्यूनंतरही चर्चा झाली ती काही दिवसांपुरतीच. रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला की वेग वाढतो, हे रस्ते-अभियंत्यांना पक्के ठाऊक आहे. मर्यादा ठरवण्याची त्यांची एक रूढ पद्धत तर अशी की शंभरपैकी पंच्याऐंशी चालक स्वतःहून ज्या वेगाच्या आत राहतात तो वेग योग्य मानायचा. द्रुतगती मार्गावर, जिथे पायी चालणाऱ्याला मज्जावच आहे, तिथे ही पद्धत एक वेळ चालेल. पण पळसदरीच्या किंवा चौकच्या रस्त्यावर पंच्याऐंशी चालकांचे मत मोजताना रस्ता ओलांडणाऱ्या मुलीचे मत कुठेच मोजले जात नाही. कोरड्या रस्त्यावर ताशी ३० च्या वेगाने येणारी मोटार चालकाला धोका दिसल्यापासून सुमारे १३ मीटरमध्ये थांबते, ६० च्या वेगाने येणारीला ३५ मीटरहून अधिक लागतात. या दोन अंतरांच्या मधोमध उभे असलेले मूल पहिल्या गाडीपुढे वाचते आणि दुसरीपुढे वाचत नाही. शाळेसमोरच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये ६० ऐवजी ३० ने जाण्यात चालकाचे अर्धे मिनिट जाते. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक परिषदेने पायी चालणारे व वाहने जिथे एकत्र वावरतात तिथे ३० ची कमाल मर्यादा सुचवली ती याच हिशेबाने.

यासाठी नवा कायदा लागत नाही. कलम ११२ खाली कमी मर्यादा घालता येते, कलम ११६ खाली फलक लावता येतात, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला असे प्रस्ताव विचारात घेता येतात. फलकाच्या जोडीला गतिरोधक, उंचावलेले पादचारी ओलांडमार्ग आणि गावात शिरतानाच रस्ता अरुंद भासेल अशी आखणी केली तर पोलीस उभा नसतानाही वेग उतरतो. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील ज्या ज्या गावाच्या शाळेसमोरून हा वाढता वेग जातो, त्या गावाने येत्या ग्रामसभेत शाळेच्या दोन्ही बाजूंना अडीचशे-अडीचशे मीटरपर्यंत ताशी ३० ची मर्यादा आणि गतिरोधक मागणारा ठराव करावा, त्याची प्रत अलिबागला जिल्हाधिकारी कार्यालयात पोच घेऊन द्यावी, आणि समितीच्या पुढच्या बैठकीत त्याचे काय झाले हे लेखी विचारावे.