फ्यूज उडाला? तार बांधू नका

मुंबईत रिक्षाला परवानगी आहे ती वांद्रे आणि शीव यांच्या पुढे, म्हणजे उपनगरांतच. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या भागांत आपल्या कितीतरी घरांची चूल या तीन चाकांवर पेटते. रिक्षा एक दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते, आणि रिक्षा भाड्याची असेल तर मालकाचे पैसे अंगावर येतात ते वेगळेच. म्हणून या वेळी आम्ही गाडीच्या वायरिंगविषयी लिहीत आहोत. टेम्पो, स्कूटर, मोटारसायकल बाळगणाऱ्यांनाही हे लागू आहे.

गाडीची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची असते. तिचे निगेटिव्ह टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते. त्यामुळे चालू वायरचे आवरण सोलून आतले तांबे सांगाड्याला टेकले की शॉर्टसर्किट होते. तांबे तापते, आवरण वितळते आणि शेजारच्या वायरीही पेट घेऊ शकतात. हे टळावे म्हणून फ्यूज असतो. प्रमाणाबाहेर करंट वाहू लागला की तो स्वतः उडतो आणि वायर वाचवतो.

पण भाडे चुकेल या घाईत फ्यूजच्या जागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद लावला जातो. गाडी चालू होते हे खरे. परंतु आता फ्यूजऐवजी वायर जळणार, आणि मागे प्रवासी बसलेले असणार. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर दोष फ्यूजचा नसतो. तो कोठे आहे ते शोधलेच पाहिजे. दोषाची नेहमीची ठिकाणे अशी :

१) जादा बोजा. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. ६० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो. जादा दिवे, मोठा हॉर्न, टेप, मोबाईलचा चार्जर हे सारे एकाच जुन्या वायरीतून घेतले तर ती तापणारच. नवीन वस्तूसाठी वेगळी, पुरेशी जाड वायर आणि वेगळा फ्यूज घ्यावा.

२) कच्चे जोड. पीळ देऊन वर टेप गुंडाळलेला जोड खड्ड्यांच्या धक्क्यांनी सैल होतो. जोड झाळून किंवा कनेक्टर लावूनच करून घ्यावा.

३) घासणे. पत्र्याच्या धारेवरून जाणाऱ्या वायरीवर रबरी नळी चढवावी व ती क्लिपने बांधावी.

४) उंदीर. उघड्यावर उभ्या गाडीत उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात. गाडीत खाण्याचे सांडलवंड ठेवू नये.

५) पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांत असंख्य गाड्या बुडाल्या. अंधेरीच्या सबवेत तर आजही पावसाळ्यात पाणी भरते. बुडालेल्या गाडीची चावी लगेच फिरवू नये. आधी बॅटरी सोडवावी आणि सर्व जोड सुकवून, तपासून घ्यावेत.

६) बॅटरीची टोके. त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली की गाडी सुरू होताना कुरकुरते. बॅटरीची बुचे घट्ट लावून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून टोके पुसावीत, कोरडी करावीत व व्हॅसलीन लावावे. सोडवताना निगेटिव्ह टोक आधी आणि जोडताना शेवटी, हा क्रम चुकवू नये. बॅटरीजवळ विडी-सिगारेट पेटवू नये.

मुंबईतल्या रिक्षा बहुतांशी सीएनजीवर चालतात, म्हणून एक गोष्ट अधिक. गॅसचा वास आला तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे, प्रवाशांना दूर उतरवावे, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि त्यानंतर दिवा-हॉर्नच्या कोणत्याही बटनाला हात लावू नये. एवढीशी ठिणगीही पुरते. जळक्या रबराचा वास किंवा धूर आला तरी आधी माणसे उतरवावीत. आग लागलीच तर १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे.

महिन्यातून एकदा अर्धा तास काढून वायरिंगवर नजर फिरवावी आणि योग्य अँपिअरचे दोन-चार फ्यूज डब्यात ठेवावेत. फ्यूज काही रुपयांत मिळतो. जळालेली वायरिंग नव्याने भरायची तर हजारो रुपये आणि कित्येक दिवसांची रोजी जाते. घरच्या भगिनींनीही सायंकाळी एवढे विचारावे : आज फ्यूज उडाला होता का, आणि त्याच्या जागी काय लावले?