टायरवरची अक्षरे

मोटारसायकलचा टायर घेताना आपल्याकडे बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: कितीला? घरून दुचाकीवर भिवपुरी रोड स्थानक गाठून लोकल पकडणारा कारकूनही त्यास अपवाद नाही. विद्यार्थी फार तर आणखी विचारतो, याहून रुंद मिळेल काय?

मालाचा दर्जा एकट्या विक्रेत्यालाच ठाऊक असेल तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. टायरची गोष्ट निराळी. त्याची जन्मपत्रिका त्याच्या अंगावरच छापलेली असते. १००/९०-१७ म्हणजे रुंदी १०० मिलिमीटर, उंची तिच्या ९० टक्के, रिम १७ इंची. २३२४ हे चार आकडे म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पण वाचतो कोण?

रिमला न साजेसा रुंद टायर चढविला की त्याचा आकार बिघडतो आणि वळणावर गाडी नीट झुकत नाही. रानवाटेसाठीची ठोकळेदार नक्षी ओल्या डांबरावर कमी टेकते. मऊ रबर पकड देते, पण लवकर झिजते. कठीण रबर टिकते, पण पावसात पकड सोडते. ही निवड खरोखरच अवघड आहे. तरीही आषाढात नेरळ-कर्जत रस्त्याने जाणाऱ्याने झीज पत्करावी, असे माझे मत आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मागचा टायर लवकर झिजतो म्हणून तेवढाच बदलण्याची आपली रीत आहे. वाचलेले पैसे पुढच्या टायरकडे वळवावेत. ब्रेक दाबताच गाडीचा भार त्याच चाकावर येतो.