लोकवर्गणी आणि मानसपुत्र

मार्च २०१३मध्ये अमेरिकेतील 'इनएक्झाइल' या संस्थेने 'टॉर्मेंट: टाइड्स ऑफ न्यूमेनेरा' या संगणकीय खेळासाठी 'किकस्टार्टर' या माध्यमातून लोकवर्गणीचे आवाहन केले. मागणी नऊ लक्ष डॉलरांची होती; ती काही तासांतच पुरी झाली. एप्रिलच्या आरंभी आवाहनाची मुदत संपली तेव्हा ७४,४०५ वर्गणीदारांकडून ४१,८८,९२७ डॉलर जमले होते. जी वस्तू विकत घेतली जात होती ती तोवर अस्तित्वात आलेली नव्हती. होते ते एक नाव, काही चित्रे, कथेचा एक आराखडा आणि डिसेंबर १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' या खेळाची आठवण. खरे पाहता वर्गणी दिली गेली ती या आठवणीला.

संगणकीय खेळ हा साहित्याच्या अभ्यासकाचा विषय नव्हे, असे म्हणून हा व्यवहार बाजूला सारता येण्याजोगा नाही. 'प्लेनस्केप: टॉर्मेंट'च्या संहितेचा विस्तार सुमारे आठ लक्ष शब्दांचा सांगितला जातो, खेळणाऱ्याचा बराचसा वेळ वाचण्यात आणि पात्रांना कोणते उत्तर द्यावे याचा विचार करण्यात जातो. कथेचा नायक एका शवागारात जागा होतो. त्याला नाव नाही, स्मृती नाही आणि मरणही नाही. तो मरतो, पुन्हा उठतो, आणि प्रत्येक वेळी आपल्याच पूर्वीच्या जन्मांनी करून ठेवलेल्या कृत्यांची फळे त्याच्या वाट्याला येतात. कर्मविपाकाची कल्पना ज्याच्या अंगवळणी पडली आहे अशा भारतीय वाचकाला यात ओळखीचे काही सापडेल. मात्र येथे विस्मृती ही सुटका नसून शिक्षा आहे. मनुष्याचा स्वभाव कशाने पालटू शकतो, हा प्रश्न या कथेत एक चेटकीण विचारते, आणि त्याचे कोणतेही एक उत्तर संहिता प्रमाण मानीत नाही.

ही कृती निर्माण झाली ती अपेक्षाभंगातून. तिच्या काळातील भूमिकाखेळांचा साचा ठरलेला होता: वीर, खड्ग, राक्षस आणि शेवटी जगाचा उद्धार. ख्रिस ॲव्हेलोन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो एकेका अंगाने उलटा केला. मृत्यू म्हणजे पराभव नव्हे. क्षुद्र मानलेले उंदीर जमावाने आले की बुद्धिमान आणि घातक होतात. सर्वांत मोठा संग्राम शस्त्राने नव्हे, संवादाने निभावता येतो. असे काही हवे आहे, अशी मागणी कोणा ग्राहकाने केली नव्हती. खेळाची विक्री माफकच झाली. त्याची कीर्ती वाढली ती पुढील वर्षांत, खेळणाऱ्यांनी एकमेकांना सांगत राहिल्यामुळे.

मग या कृतीला वारस का मिळाला नाही? कारण मालकीत आहे. 'प्लेनस्केप' हे विश्व डेव्हिड कुक याने १९९४मध्ये टीएसआर या प्रकाशनसंस्थेसाठी रचले, आणि १९९७मध्ये ती संस्था 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'च्या ताब्यात गेली. मूळ खेळ रचणारी 'ब्लॅक आइल' ही शाखा २००३मध्ये बंद पडली. इनएक्झाइलचा प्रमुख ब्रायन फार्गो हा पूर्वी 'इंटरप्ले' या ब्लॅक आइलच्या मातृसंस्थेचाच संस्थापक. त्याने 'टॉर्मेंट' या नावाचा व्यापारी हक्क मिळवला. पण ते विश्व, ते चक्राकार नगर आणि ती पात्रे त्याला मिळण्यासारखी नव्हती. नाव मिळाले, गाव मिळाले नाही.

इंग्रजीत अशा कृतीला 'स्पिरिच्युअल सक्सेसर' म्हणण्याचा प्रघात आहे. मराठीत त्याला मानसपुत्र म्हणणे सर्वांत जवळचे. औरस पुत्राला घर आणि आडनाव मिळते, दत्तकाला निदान कागद मिळतो; मानसपुत्राचा दावा केवळ मनाचा. अमेरिकी कायदा कलाकृतीची अभिव्यक्ती रक्षितो, तिच्यामागची कल्पना रक्षीत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने शरीराला मालक असतो आणि आत्मा बेवारस असतो. या व्यवस्थेतून कधी कधी मोठे काम झाले आहे हेही नोंदवले पाहिजे. १९८८च्या 'वेस्टलँड' या खेळाचे नाव हाती नव्हते म्हणून इंटरप्लेने १९९७मध्ये 'फॉलआउट' रचला, आणि मानसपुत्राची कीर्ती पित्याहून मोठी झाली. नाव नाकारले गेल्यामुळे त्यांना नवे जग उभारावे लागले होते. शिवाय त्या वेळी पित्याच्या चाहत्यांनी आगाऊ वर्गणी भरलेली नव्हती.

येथेच प्रश्न सुरू होतो. मराठीत 'वर्गणी' हा शब्द उत्सवाशी, शाळेच्या इमारतीशी, देवळाच्या जीर्णोद्धाराशी निगडित आहे. जीर्णोद्धारासाठी वर्गणी देणारा देव पालटावा म्हणून देत नाही. आहे तीच मूर्ती नव्या गाभाऱ्यात सुखरूप बसावी एवढीच त्याची अपेक्षा असते. वाङ्मयाच्या इतिहासातही आगाऊ वर्गणीची परंपरा जुनी आहे. अलेक्झांडर पोपने 'इलियड'चे भाषांतर १७१५ ते १७२० या काळात सहा खंडांत याच मार्गाने सिद्धीस नेले, आणि दरबारी आश्रयदात्याची मर्जी न सांभाळताही कवीला स्वतंत्रपणे जगता येते हे दाखवून दिले. परंतु पोपच्या वर्गणीदारांना होमर ठाऊक होता. मूळ कृती समोर होती. आश्वासन होते ते भाषांतराचे. मानसपुत्राच्या बाबतीत मूळ कृतीचे भाषांतर करायचे नसते आणि तिच्यापासून दूरही जायचे नसते. असे वचन कोणत्या शब्दांत द्यावे?

ते दिले गेले यादीच्या रूपात. रक्कम ठरावीक पायऱ्यांनी वाढली की कृतीत नवी भर पडेल, ही या आवाहनांची रीत आहे. टॉर्मेंटच्या बाबतीत अधिक सोबती, अधिक भाषांतरे, एक विस्तृत कोश आणि (हे साहित्याच्या अभ्यासकाने विशेष पाहावे) अधिक लेखक अशा पायऱ्या होत्या. ॲव्हेलोन स्वतः आणि कादंबरीकार पॅट्रिक रॉथफस यांचा सहभाग अशा वाढीव उद्दिष्टांच्या बळावर निश्चित झाला. लेखक हा कृतीचा उगम न राहता तिचे एक परिशिष्ट बनतो आणि त्याला किंमत लावता येते, ही गोष्ट एरवी कोणत्याही प्रकाशकाला उघडपणे बोलून दाखवणे अवघड गेले असते. येथे ती उत्साहात, टाळ्यांच्या गजरात घडली.

खेळ डिसेंबर २०१४मध्ये मिळेल असे सांगितले गेले होते. तो प्रसिद्ध झाला २८ फेब्रुवारी २०१७ रोजी. त्याआधी काही आठवडे उघड झाले की यादीतील अनेक गोष्टी गाळल्या गेल्या आहेत. इटालियन भाषांतर नव्हते, तो कोश नव्हता, सोबतींची संख्या घटली होती. त्यांपैकी एक पुढे जोडला गेला. वर्गणीदारांचा संताप स्वाभाविक होता, आणि इटालियन वाचकांच्या बाबतीत तर तो सर्वस्वी न्याय्य होता. मात्र या संतापाने चर्चेला जे वळण दिले ते फारसे उपकारक नव्हते. काय दिले नाही याचा हिशेब झाला. जे दिले गेले ते कसे आहे, हा प्रश्न मागे पडला. सहा सोबती असलेली संहिता आठ सोबतींच्या संहितेहून सरस असू शकते. गाळणे हे लेखकाचे कामच आहे. परंतु ज्याची यादी आधी छापून दिलेली असते त्याने काही गाळले, की त्याला संपादन न म्हणता फसवणूक म्हटले जाते.

आणि जे दिले गेले त्यात एक विलक्षण गोष्ट आहे. माँटी कुक याच्या न्यूमेनेरा या कल्पनाविश्वात, म्हणजे आजपासून कोट्यवधी वर्षांनंतरच्या पृथ्वीवर, ही कथा घडते. (हे विश्वही २०१२मध्ये लोकवर्गणीतूनच उभे राहिले होते.) तेथे एक पुरुष मृत्यू टाळण्यासाठी नवनवी शरीरे रचून त्यांत राहतो आणि जुनी टाकून देतो. त्याला ठाऊक नसते किंवा त्याला पर्वा नसते की टाकलेल्या प्रत्येक शरीरात मागाहून एक नवी जाणीव जागी होते. कथेचा नायक हे असेच टाकलेले शेवटचे शरीर आहे. गीतेतील जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त येथे आठवल्यावाचून राहत नाही; पण ही कथा सांगितली आहे ती वस्त्राच्या बाजूने. आत्मा पुढे निघून गेला, मागे राहिलेल्या देहाने काय करायचे? एका आयुष्याला काय मोल आहे, हा जो प्रश्न ही संहिता वारंवार विचारते तो त्या देहाचा आहे.

मानसपुत्र म्हणवणाऱ्या कृतीने हा विषय निवडावा, यात योगायोगाहून अधिक काही असावे. ज्या प्रसंगांत नायक आपल्या निर्मात्याला जाब विचारतो, त्या प्रसंगांत ही संहिता पूर्वसूरींच्या ऋणातून मोकळी होते आणि तिचा स्वतःचा आवाज ऐकू येतो. इतरत्र ती आज्ञाधारक आहे. स्मृती हरपलेला नायक, विचित्र सोबती, प्रश्नोत्तरांतून उलगडणारे नगर हे सारे जागच्या जागी आहे. आरंभीच्या नगरात भेटणारा प्रत्येक वाटसरू आपली दीर्घ आणि अद्भुत कहाणी सांगतो, आणि दहावी कहाणी येईतो अद्भुतही रोजचे होऊन जाते. मूळ खेळात शब्द विपुल होते. येथे विपुलता हाच गुण समजला गेला आहे. वर्गणीदारांना सादृश्य हवे होते, ते त्यांना मिळाले. पित्याचा जो खरा गुण, म्हणजे अवज्ञा, तो यादीत घालता आला नव्हता.

लोकवर्गणीला दोष देऊन मोकळे होणेही सोपे आहे, आणि ते अन्यायाचे ठरेल. २०१२च्या सुमारास अशा शब्दप्रधान खेळांवर पैसा लावण्यास प्रकाशक राजी नव्हते. फार्गोच्याच 'वेस्टलँड २'ला आणि 'ऑब्सिडियन' या संस्थेच्या 'पिलर्स ऑफ इटर्निटी'ला त्या एका वर्षात वाचकांनी जीवदान दिले. ज्या वाङ्मयप्रकाराला बाजाराने मृत ठरवले होते त्याचे वाचक हयात आहेत, हे या वर्गणीने सिद्ध केले. नोव्हेंबर २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टने इनएक्झाइल आणि ऑब्सिडियन या दोन्ही संस्था विकत घेत असल्याचे जाहीर केले, ते या पुराव्यानंतरच. त्या सौद्यात वर्गणीदारांचा काही वाटा नव्हता. वर्गणी म्हणजे भागभांडवल नव्हे.

'प्लेनस्केप: टॉर्मेंट'चा सर्वांत सच्चा वारस मात्र कोणत्याही यादीतून आला नाही. ऑक्टोबर २०१९मध्ये प्रसिद्ध झालेला 'डिस्को एलिसियम' हा खेळ रॉबर्ट कुर्विट्झ या एस्टोनियन कादंबरीकाराने आणि त्याच्या मित्रांनी रचला. त्यातही स्मृती हरपलेला नायक आहे, आणि त्या ऋणाचा उच्चार कर्त्यांनी केलेला आहे. परंतु त्यांनी लढाईची स्वतंत्र यंत्रणाच काढून टाकली, अद्भुत नगराच्या जागी पराभूत क्रांतीचे एक बकाल बंदर आणले, आणि नायकाच्या मनातील वृत्तींना परस्परांशी भांडणारे आवाज दिले. असा खेळ हवा म्हणून कोणी वर्गणी भरली नव्हती. भरताही आली नसती.

त्याचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. कुर्विट्झ आणि त्याचे निकटचे सहकारी आता त्या संस्थेत नाहीत, ही गोष्ट २०२२मध्ये बाहेर आली. नाव आणि गाव दोन्ही संस्थेकडे राहिले. ऑक्टोबर २०२४मध्ये निदान तीन नव्या संस्थांनी एकापाठोपाठ एक पुढे येऊन 'डिस्को एलिसियम'च्या वारशावर आपापला दावा सांगितला. त्यांपैकी एकीने पुढच्याच वर्षी लोकवर्गणीचे आवाहन केले.